डब्यातला कोंडा

…नाही हो, नाही माझ्याकडे डबा. किती जणांना सांगू? सकाळपासून तुमची ही तिसरी टोळी. बसा, ओटीवर बसा, उन्हातून आलात, पाणी घ्या, गुळाचा खडा घ्या, पण डबा मागू नका. डब्याचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं, आणि तुम्हाला सांगतो, मी काही डोकं फिरणाऱ्यातला माणूस नव्हे. रत्नागिरीच्या बाजारात कोणालाही विचारा, भाट्याच्या दादूने कधी आवाज चढवलेला ऐकलात का म्हणून. म्हैस पायावर उभी राहिली तरी मी तिला ‘बाय, जरा पाय घे’ म्हणणारा माणूस… पण या डब्याने माझी पासष्ट वर्षांची शांती खाल्ली. आणि वर तुम्ही मलाच दाखवता, की हा बघा जाहिरातीचा कागद, यात तुमचं नाव आहे, खाली तुमचा अंगठा आहे. आहे ना. मला ठाऊक आहे. अंगठा माझाच आहे, म्हणून तर राग येतो. दुसऱ्याचा असता तर चार शिव्या घालून मोकळा झालो असतो.

‘पण दादूआबा, छापलंय की.’

छापलंय. बरोबर. छापलंय म्हटलं की पुढे बोलणंच खुंटलं.

ऐका मग. पहिल्यापासून सांगतो. मी शाळेत गेलो नाही, त्यामुळे थोडक्यात सांगायला मला कोणी शिकवलेलं नाही, तेव्हा कंटाळलात तर खुशाल आडवे व्हा.

मी आणि माझी बायको मथुरा, आम्ही दोघांनी चाळीस वर्षं लोकांचं भात सडून दिलं. घिरट, म्हणजे भात भरडायचं मोठं जातं, मी ओढायचो, मुसळ ती धरायची. भात उकडायचं, अंगणात वाळवायचं, घिरटीवर भरडलं की वरचं तूस उडून जातं, मग वायनात, म्हणजे उखळात, घालून सडायचं. सडताना तांदळाच्या अंगावरचा तांबूस कोंडा सुटतो, सगळा नाही, थोडा, तो पाखडून म्हशीला. तुटका दाणा उरतो त्या कण्या, त्या आमच्या पेजेला. आणि अख्खा तांदूळ ज्याचा त्याला. संपलं आमचं शास्त्र. मग मिठाच्या सत्याग्रहाच्या सालात बाजारात भाताची गिरणी आली. फकफक फकफक, आणि तांदूळ बाहेर येतो तो बगळ्यासारखा पांढरा, अंगावर कोंड्याचा कण म्हणून शिल्लक नाही. लोक म्हणाले, काय पांढरा. मी म्हटलं, पांढरा तर चुनाही असतो. कोण ऐकतो? निम्मं गिऱ्हाईक तिकडे गेलं. त्याचंही मला काही नाही, गिरणीवाल्याला पोट आहे. पण तो खरवडून काढलेला कोंडा मी गिरणीमागे पाहिला, कमरेएवढा ढीग, त्यात कोंबड्या लोळत होत्या. मला इतकंच वाटलं, की काय चाललंय ते माणसांपेक्षा या कोंबड्यांना जास्त कळतंय.

तर गेल्या दिवाळीनंतर मथुरा मुदतीच्या तापाने पडली. एकवीस दिवस. एकवीस दिवस ती अंथरुणावर आणि मी उंबऱ्यावर, मधे तापाचं वारं. बाविसाव्या दिवशी ताप उतरला तेव्हा तिच्या हातातली बांगडी कोपरापर्यंत मागे जात होती. मुलगा मुंबईहून आगबोटीने आला. बाळा. एकुलता एक, साहेबी खाण्याच्या वस्तू विकतात अशा एका शेठच्या दुकानात कामाला आहे, सदऱ्याला इस्त्री, बोलण्यालाही इस्त्री. आल्या आल्या आईच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि पिशवीतून काढला तो डबा.

काय तो डबा, तुम्हाला सांगतो. तांबडा-पिवळा, पत्र्याचा, त्यावर एक गोरा पोर, गाल पिकल्या काजूच्या बोंडासारखे, एका हाताने वासरू उचलून धरलंय. मी म्हटलं, बाळा, हे काय? म्हणाला, ‘बाबा, ही सकाळची न्याहारी आहे. सारी विलायत हे खाऊन कामावर जाते. आईला आजपासून पेज बंद. पेज म्हणजे नुसतं पाणी. यात जीवनशक्ती आहे.’ बरं, शिजवायचं कसं? तर शिजवायचं नाही. वाडग्यात ओतायचं, वर थंड दूध, संपलं. मथुरा माझ्याकडे बघते, मी मथुरेकडे बघतो. एकवीस दिवसांच्या आजारी माणसाला चूल न पेटवता जेवण.

मी त्यातली चिमूट घेतली. अंगठा आणि बोट, मधे घासली. चाळीस वर्षं मी हेच करत आलोय, भात कितपत सडलं ते डोळ्यांनी नाही कळत, बोटांनी कळतं. मग जिभेवर टाकली. आणि मी खाली बसलो.

‘बाळा,’ म्हटलं, ‘हा कोंडा आहे.’

‘बाबा, ही जीवनशक्ती आहे.’

‘अरे, गव्हाचा कोंडा आहे. भाजलाय, साखरेच्या पाकात घोळवलाय, चवीला मीठ लावलंय. पण कोंडाच. ही जीवनशक्ती मी म्हशीला रोज दोन वेळा घालतो.’

‘बाबा, तुम्हाला नाही कळायचं. मोठमोठ्या डॉक्टरांनी लिहून दिलंय.’

‘कुठे?’

‘हे काय, डब्यावर. छापलंय.’

आता तुम्हीच सांगा, मी चुकतो का? तांदळावरचा कोंडा आपण गिरणीत खरवडायचा, कोंबड्यांपुढे टाकायचा, आणि त्याचाच सोयरा, गव्हावरचा कोंडा, सात समुद्रांपलीकडून बोटीत घालून आणायचा, वर गोरा पोर चिकटवायचा, आणि आईला भरवायचा? कोंड्याशी माझं भांडण नाही हो. कोंडा चांगला आहे, धडधाकट पोटाच्या माणसाने जरूर खावा, पण तो दाण्यावर असतानाच खावा ना, दाण्यावेगळा करून कशाला? आणि मुदतीच्या तापानंतर माणसाचं आतडं भिजल्या कागदासारखं असतं. त्यावर हे खरखरीत घासायचं? पण बाळा समोर मांडी घालून बसायचा, चमचा-चमचा मोजून भरवायचा, ‘आई, आणखी एक, आई, हा शेवटचा.’ तिसऱ्या दिवशी मथुरेचं पोट धरलं. रात्रभर कण्हत होती. मी बाळाला म्हटलं, बघ. तो म्हणाला, ‘बाबा, गुण यायच्या आधी थोडं दुखतंच.’ मी म्हटलं, हेही छापलंय? म्हणाला, छापलंय.

मग मी काय केलं? भांडलो नाही. मला भांडता येत नाही, मला फक्त वेळ काढता येतो. बाळाला म्हटलं, भरवायचं काम आता माझ्याकडे दे. तो रोज सकाळी बंदरावर जायचा, मित्रांशी गप्पा, वर्तमानपत्र, दीड तास. तो वळणाआड गेला की मी चूल पेटवायचो. उकड्या तांदळाच्या कण्या, आमच्या हातच्या, अंगावर तांबूसपणा असलेल्या. पहिले चार दिवस नुसती वरची निवळ आणि मीठ. मग जरा घट्ट, तुपाचा थेंब. मग मेतकूट. आठव्या दिवशी मथुरा मला म्हणते, ‘अवो, लोणच्याचा खार आहे का जरा?’ तुम्हाला सांगतो, बायकोने लोणचं मागितलं म्हणून चुलीपुढे बसून डोळे पुसणारा मी एकटाच असेन या पंचक्रोशीत. धूर होता म्हणा. पण धूर रोजच असतो.

आणि डब्यातलं? ते तर कमी झालेलं दिसायला हवं. ते मी म्हशीला घालत होतो. तिने चार दिवस आनंदाने खाल्लं, आणि पाचव्या दिवसापासून आपला नेहमीचा कोंडा तोंडाला लावीना. गोडाची चटक. दोन दिवस उपाशी राहिली, मान फिरवून उभी, माहेरी चाललेल्या सुनेसारखी. एकदा मी स्वतःच वाडगाभर खाल्लं. म्हटलं, आपण उगाच नावं ठेवतोय का, खाऊन तरी बघू. गोड लागलं, खोटं कशाला बोलू. खाऊन वायनावर उभा राहिलो. मथुरा पडल्यापासून मुसळही माझ्याच हातात. पेज पिऊन मी दुपारपर्यंत सडतो, तिसऱ्या प्रहराला भूक लागते. डबा खाऊन दुसऱ्या घाण्याला माझे हात लटपटले. पोटात काही नाहीच. पोटाला वाटलं, कोणीतरी येऊन नमस्कार करून गेलं.

राजिवड्याचे गुलाम रसूल तांडेल माझे जुने दोस्त, एडनपर्यंत गलबत नेलेला माणूस. त्यांना डबा दाखवला. ते हसायलाच लागले. ‘दादूभाय, हे मी एडनला पाहिलंय. साहेब सकाळी हे खातो, खरं आहे. पण कधी? आधी दोन अंडी, मग मासा, मग पाव-लोणी, आणि त्यानंतर तोंड हलतं राहावं म्हणून हे मूठभर. चित्रात अंडी दाखवली आहेत का?’ मी डबा चारही बाजूंनी फिरवून बघितला. अंडी नव्हती. पोर होता, वासरू होतं, अंडी नव्हती.

असो. तर डबा घरात आल्यापासून चौदाव्या की पंधराव्या दिवशी मथुरा उठली आणि भिंतीला न धरता विहिरीपर्यंत गेली. नेमका बाळा बंदरावरून परत येत होता. त्याने आईला विहिरीवर उभी पाहिली, आणि तो इस्त्रीचा सदरा चिखलात बसला हो, मटकन, आणि लहान पोरासारखा रडायला लागला. ‘बाबा, डब्याने केलं. बाबा, मी आणला नसता तर…’ आता सांगा, तिथे मी काय बोलणार? माझ्या तोंडात सगळं तयार होतं, पेज, कण्या, मेतकूट, म्हैस. मथुरेने माझ्याकडे बघितलं. रात्री मला म्हणाली, ‘नका सांगू. आईसाठी आपण काही केलं, असं त्याला वाटू दे. त्याने केलंच की, पंधरा दिवस पगार बुडवून बसला.’ मी गप्प राहिलो. माझी चूक तिथे झाली असं लोक म्हणतील, पण मला अजून नाही वाटत.

खरी चूक चार दिवसांनी झाली. बाळा निघताना कागद घेऊन आला. ‘बाबा, इथे अंगठा द्या.’ मी म्हटलं, कशाचा रे? म्हणाला, ‘शेठला द्यायचाय. आई आजारी होती, आता बरी झाली, एवढंच लिहिलंय.’ मला वाटलं, रजेचा कागद. रजा जास्त झाली, शेठ रागावला असेल, बापाचा अंगठा लागत असेल. आई आजारी होती, खरं. बरी झाली, खरं. मी शाईत बुडवला आणि दिला. चांगला दाबून दिला, पोराचा पगार कापू नये म्हणून. बाळाही खोटं बोलला नाही बरं का. त्याने फक्त मधली ओळ वाचून दाखवली नाही.

दीड महिना गेला. एक दिवस या ओटीवर, तुम्ही बसलात ना तिथेच, एक जवान माणूस येऊन बसला. बाबू त्याचं नाव. राजापूरकडच्या नाटे गावचा, मासे मारणारा, मचव्यातून आलेला. हातात टोपली, टोपलीत तीन कोंबड्या. ‘दादूआबा तुम्हीच?’ म्हटलं, मीच. त्याने माझे पाय धरले. मी घाबरलो. मग त्याने कंबरेतून हाच कागद काढला, मला वाचता येत नाही आणि त्यालाही येत नाही, पण शाळेतल्या मास्तरांनी गावात वाचून दाखवलेला, त्याला तोंडपाठ. डोळे मिटून म्हणायला लागला, ‘माझी पत्नी मरणाच्या दारी होती, अन्न सुटले होते, या डब्याने तिला नवा जन्म दिला, सर्व बंधूंनी अवश्य अनुभव घ्यावा, आपला दादू, मुक्काम भाट्ये.’ आणि खाली माझा अंगठा, सुपारीएवढा, छापलेला. माझ्या अंगठ्याच्या रेघा मी ओळखतो, घिरटीच्या खुंट्याने मधोमध चीर पडलेली आहे. म्हटलं, मेल्या अंगठ्या, तू इथपर्यंत पोचलास.

बाबूची बायको मालन दोन महिन्यांची बाळंतीण. अंगात ताकद नाही, दूध आटत चाललेलं, पोर रडून रडून निळं पडतंय. आणि हा कोंबड्या विकून बाजारातून डबा नेणार. मला फक्त विचारायला आला होता की एक पुरेल की दोन लागतील.

मी विचारलं, ‘ती खाते काय?’

‘पेज.’

‘कसल्या तांदळाची?’

‘गिरणीच्या. चांगला पांढरा आणतो आबा तिच्यासाठी. आम्ही घरचा जाडाभरडा खातो.’

‘मोरी माशाचं कालवण देतोस का?’

आता नाट्याच्या माणसाला मी सांगायचं, की बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी देतात. तो खाली बघून म्हणाला, ‘गेल्या आठवड्यात दोन सापडल्या होत्या, आबा. विकल्या.’

‘विकल्या? का?’

‘डब्यासाठी. तेवढ्यात भागेना, म्हणून या कोंबड्या.’

‘कोंबड्या अंडी देतात?’

‘तिन्ही देतात.’

 तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, कोणाच्या तरी थोबाडीत द्यावी, पण द्यायची कोणाला? हा तर पाया पडतोय. मोरी विकली, अंडी विकायला निघाला, तांदळावरचा कोंडा गिरणीला दिला, आणि आता कोंडा विकत घेणार, साखर लावलेला. मी म्हटलं, ‘बाबू, ऐक, तो कागद…’ आणि तिथेच थांबलो. कारण कागद खोटा म्हटलं, की हा नाट्याला जाऊन सांगणार, नाट्याहून राजापूर, राजापूरहून मुंबई, आणि शेठ बाळाला विचारणार, काय रे, बापाचा खोटा अंगठा आणलास? पोराची नोकरी जाणार. आणि कागद खरा म्हटलं, की याच्या कोंबड्या जाणार, आणि मग काय काय जाईल कोणास ठाऊक. एका बाजूला माझा पोर, दुसऱ्या बाजूला त्याचा पोर. मधे मी, अंगठा घेऊन.

तरी म्हटलं, ‘अरे, पेजच दे तिला, पण हातसडीच्या कण्यांची.’

तो हसला. बिचारा हसला, मला वाईट वाटू नये म्हणून. ‘आबा, पेज तर रोजचीच. पेजेला कोण उठतं? मालनने कागद ऐकलाय. ती म्हणते, त्या आबांची बायको उठली तर मीही उठेन, मला तोच डबा आणा, नाहीतर मी काही खाणार नाही. दोन दिवस तिने पेजेला हात लावलेला नाही. छापलंय ना, आबा.’

तेव्हा आतून मथुरा उठून आली. सगळं ऐकत होती.  बाळाने मागाहून तीन डबे पाठवले होते, शेठची भेट म्हणून, त्यातला एक तिने उचलला, मागल्या दाराने गोठ्यात गेली, आणि म्हशीच्या पुढ्यात उलटा केला. परत आली, डबा पुसला, त्यात आमच्या उकड्या कण्या भरल्या, पसाभर आळीव मिसळले, झाकण दाबलं आणि बाबूच्या हातात दिला. मला म्हणाली, ‘आता सांगा त्याला कसा खायचा ते.’ म्हणजे भरायचं तिने आणि खोटं बोलायचं मी.

बोललो. काय करू? ‘बाबू, हा डबा निराळा आहे. हा शिजवून घ्यायचा. मऊ, पातळ, तुपाचा थेंब घालून, दिवसातून तीनदा. आणि एक ध्यानात ठेव, सोबत मोरीचं कालवण आणि रोज एक अंडं घेतल्याशिवाय याचा गुण येत नाही.’

‘हे कागदात नव्हतं, आबा.’

‘कागदात जागा पुरली नाही.’

त्याला पटलं. तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं मी खरं सांगत होतो ते कोणाला पटलं नाही, हे एका क्षणात पटलं. कोंबड्या घेऊन परत गेला. मचव्यात बसला तेव्हा डबा पोटाशी धरला होता, कोंबड्या आपल्या पायाशी.

महिन्याने निरोप आला. मालन उठली. दूध आलं, पोर अंग धरायला लागलं. मला आनंद झाला, नाही कशाला म्हणू, मथुरेने त्या दिवशी खीर केली. पण बाबू गप्प बसणारा आहे का? त्याने सगळ्या नाट्याला सांगितलं, की बाजारातला डबा घेऊ नका, त्यात दम नाही, खरा डबा भाट्याच्या दादूआबांकडे मिळतो. आणि परवा बाळाचं पत्र आलं, पोस्टमनने वाचून दाखवलं. ‘तीर्थरूप बाबांस, आपल्या भागात डब्याला फार चांगला गुण येतो असं शेठच्या कानावर आलं आहे. शेठ माझ्यावर खूश आहेत. दुसरा कागद छापायचा म्हणतात. आईचाही अंगठा पाठवावा.’

मथुरा म्हणाली, अंगठा नाही, मुसळ पाठवते म्हणावं.

तर हे असं आहे. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तुम्ही मुंबईला जाऊन सांगणार नाही, आणि सांगितलंत तरी माझी काळजी नाही, यातलं काहीच छापलेलं नाही, कोण खरं मानील? म्हणून आता शहाण्यासारखे घरी जा, गिरणीकडे फिरकू नका, घरच्या वायनात भात सडा, आजाऱ्याला पेज द्या, बाळंतिणीला मोरी द्या, पोरांना अंडी द्या, आणि… काय? काय म्हणालात, मावशी? कळलं सगळं? बरं झालं. मग?

‘मग बाबूला दिलात तसला एक डबा आम्हालाही द्या.’

…बरं. बसा. कण्या आहेत, पोतंभर काढल्या आहेत, मथुरा आत आळीव निवडतेय. पण डबे संपले. तेव्हा बाजारात वखारीमागे रिकामे पडलेले असतात, त्यातला एकेक उचलून आणा, गंजलेला चालेल, चेपलेला चालेल, फक्त वासरूवाला पोर शाबूत असलेला बघून आणा. चित्राशिवाय पेज अंगी लागत नाही, एवढा अनुभव आता मलाही आला आहे.